अंकाचा कणा

जूनच्या पहिल्या आठवड्यात महाबळेश्वरात घरांना पावसाच्या आडोशासाठी झडी बांधायची घाई सुरू होते. पूर्वी त्या गवताच्या असत, आता बहुतेक निळ्या प्लॅस्टिकच्या. त्याच आठवड्यात आमच्या घरी आणखी एक काम निघते. दोन कपाटांतले नियतकालिकांचे गठ्ठे बाहेर काढायचे, ऊन असेल तर ऊन दाखवायचे, एकेक अंक उघडून झटकायचा, वाईहून आणलेला कडुनिंबाचा पाला घालायचा आणि सगळे पुन्हा आत ठेवून देवाचे नाव घ्यायचे. पुढे चार महिने साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस. ऑक्टोबरात कपाट उघडले की हिशेब कळतो. १९५०च्या दशकातले ‘नवभारत’ मासिकाचे बांधीव खंड तांबूस झालेले असतात, वास मारत असतात, पण जागच्या जागी असतात. चार वर्षांपूर्वी डॉलरात वर्गणी भरून मागवलेल्या एका परदेशी त्रैमासिकाची पाने मात्र एकेक करून हातात येतात, पत्त्यांच्या कॅटसारखी.

अभ्यासाची नियतकालिके स्वतःच्या पैशाने घेऊन जपणारी माणसे फार नाहीत. पण जी आहेत ती भेटली की दोनच विषय निघतात, एक किमतीचा आणि दुसरा बांधणीचा. किमतीबद्दल जगभर लिहिले गेले आहे. बांधणीची तक्रार मात्र किरकिऱ्या माणसाचा छंद म्हणून हसण्यावारी नेली जाते. माझे म्हणणे असे की या दोन तक्रारींचे मूळ एकच आहे. वाचक हा अंकाचा मालक आहे, त्याला तो पन्नास वर्षे ठेवायचा आहे, हे प्रकाशकांनी गृहीत धरणे सोडून दिले. किंमत आणि डिंक, दोन्ही त्यानंतरचे.

हे पूर्वी गृहीत धरले जात असे, याचा पुरावा आमच्याच सातारा-सांगली भागात आहे. मराठीतली इतिहाससंशोधनाची परंपराच मुळी मासिकांच्या अंकांतून उभी राहिली. आधी शेजारच्या पुण्यात १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ सुरू झाले. त्यात एकाच अंकात वेगवेगळ्या बखरी, पत्रे, काव्ये तुकड्यातुकड्याने येत आणि प्रत्येकाला स्वतंत्र पृष्ठांक असत. का? तर ग्राहकाने वर्षाअखेर अंक सोडवावेत, एकेका ग्रंथाची पाने वेगळी करावीत आणि बाइंडरकडून त्याचे पुस्तक बांधून घ्यावे. साताऱ्याच्या दत्तात्रय बळवंत पारसनीसांनी १९०८ साली ‘इतिहाससंग्रह’ काढला, तोही याच पद्धतीचा. म्हणजे अंक हा कच्चा माल होता. पक्का माल वाचकाच्या घरी, त्याच्या पैशाने आणि त्याच्या आवडीच्या कापडात तयार व्हायचा. आज अशा जुन्या खंडांत कुणी अबरीचा रंगीत कागद लावलेला दिसतो, कुणी पाठीवर सोनेरी अक्षरांत स्वतःचे नाव घातलेले दिसते. दोन घरांतला एकच खंड सारखा दिसत नाही.

पारसनीस स्वतः अट्टल संग्राहक होते. कागद, चित्रे, नकाशे, पुस्तके असे जे जमवले त्याचे त्यांनी साताऱ्यात संग्रहालय केले. पुढे १९३९ साली तो संग्रह पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. आमच्या गावावर त्यांचे ‘महाबळेश्वर’ हे इंग्रजी पुस्तकही आहे, १९१६ सालचे. इतिहाससंशोधक राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ साली छापला गेला तो वाईत, मोदवृत्त छापखान्यात. मिरजेत वासुदेवशास्त्री खरे शाळामास्तरकी सांभाळून १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ काढत राहिले. हे सगळे वर्गणीदारांच्या जिवावर चालले होते आणि ते वर्गणीदार थोडे होते. या संशोधक-संपादकांची पदरमोड प्रसिद्ध आहे. पण वाचकाला कागद टिकाऊ हवा, समास रुंद हवा, फर्मा नीट घडी केलेला हवा, ही जाण त्यांना होती.

स्वातंत्र्यानंतरचे मोठे उदाहरण वाईचेच. ‘नवभारत’ ऑक्टोबर १९४७मध्ये निघाले. शंकरराव देव, आचार्य जावडेकर, तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी ही त्यामागची नावे. पुढे ते प्राज्ञपाठशाळा मंडळाचे झाले आणि मे. पुं. रेगे, वसंत पळशीकर यांच्यासारख्यांनी ते सांभाळले. तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, अर्थकारण यांवर मराठीत सलग आणि गंभीर लिहिण्याची ती जागा होती. आमच्या भागातल्या शिक्षकांच्या, वकिलांच्या घरी ‘नवभारतची फाइल’ असणे ही एक खूण असे. फाइल हा शब्द आम्ही कचेरीतल्या अर्थाने वापरत नाही. एखाद्या मासिकाचे ओळीने सगळे अंक म्हणजे फाइल. ती पूर्ण असली तर मोल, मधला एक अंक नसला तर निम्मे. रद्दीवाल्याला हे कळत नाही असे समजू नये. जुन्या पुस्तकांच्या धंद्यातल्या माणसाला तर ते आपल्याआधी कळते.

आता बांधणीचा तपशील, कारण खरी गोम तिथे आहे.

छापखान्यात मोठ्या कागदावर सोळा पाने छापून त्याच्या घड्या घालतात, तो फर्मा. जुजबंदी शिलाईत प्रत्येक फर्म्याच्या घडीतून दोरा जातो आणि तोच दोरा पुढच्या फर्म्याला जोडतो. पुस्तक उघडले की पान सपाट पडते. पाठीवरची खळ वाळून गेली, पुठ्ठा सुटला तरी दोरा पाने सोडत नाही. दुसरा प्रकार सेंटर पिनचा, सगळी पाने एकात एक घालून मधोमध दोन तारा. पातळ मासिकाला हे पुरते. आमच्या हवेत तार गंजते आणि घडीवर तांबडा डाग पसरतो, पण घडी शाबूत राहते. पिना काढून बाइंडर ते अंक शिवू शकतो. जुन्या मासिकांची फाइल बांधता येई ती यामुळे.

तिसरा प्रकार, ज्याला धंद्यात परफेक्ट बाइंडिंग म्हणतात. हे नाव ज्याने ठेवले त्याला विनोदबुद्धी असावी. यात फर्मे एकावर एक ठेवून पाठीकडची दोन-तीन मिलिमीटर घडी कापून, खरवडून टाकतात. उरतात सुटी पाने. त्यांच्या कडेला गरम डिंक फासतात, वर कव्हर दाबतात आणि काही सेकंदांत अंक तयार. दिसतो सुबक. पाठीवर नाव छापता येते, कपाटात उभा राहतो. पण पानाला धरून ठेवते ती फक्त कागदाच्या जाडीएवढी डिंकाची रेघ. हा साधा गरम डिंक उन्हाळ्यात नरम होतो, थंडीत कडक होऊन तडकतो. कागद गुळगुळीत आर्ट पेपर असेल तर डिंक त्यात मुरतच नाही. आणि कागदाचा धागा पाठीला समांतर नसेल तर दमट हवेत प्रत्येक पान उभे फुगायला बघते, डिंक त्याला धरून ठेवतो, आणि अंकाची पाठ लाटेसारखी वळते. महाबळेश्वरात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात हा प्रयोग फुकट पाहायला मिळतो.

पॉलियुरेथेनचा डिंक यापेक्षा पुष्कळ चांगला असतो, पण महाग पडतो आणि वाळायला वेळ घेतो. म्हणून स्वस्तातला डिंक चालू राहतो. त्यात आणखी एक गोष्ट झाली. अभ्यासाच्या नियतकालिकांच्या छापील प्रती इतक्या कमी झाल्या की त्या आता मोठ्या यंत्रावर छापणे परवडत नाही. त्या डिजिटल यंत्रावर निघतात आणि पुष्कळदा सुट्या पानांवरच छापल्या जातात. घडीच नाही, तर शिवणार काय? परदेशी विद्यापीठांच्या छापाची जाड पुठ्ठ्याची, भारी किमतीची पुस्तकेसुद्धा आत बघावे तर डिंकाचीच निघतात. पुठ्ठा बघून फसू नये. पाठीच्या वरच्या टोकाशी घड्यांच्या लहान कमानी दिसतात का, ते पाहावे.

असा डिंकाचा अंक बाइंडरकडे नेला की तो एकच गोष्ट करू शकतो. कडेपासून अर्धा इंच सोडून दाभणाने भोके पाडायची आणि आरपार शिवायचे. खंड मजबूत होतो, पण आतला समास शिलाईत जातो. ओळींची पहिली अक्षरे खाचेत, पुस्तक उघडते जेमतेम निम्मे. तळटीप वाचायला खंड पिरगाळावा लागतो. पाच-सहा वेळा पिरगाळला की कागद शिलाईपाशी फाटतो. म्हणजे प्रकाशकाने छापखान्यातच अंकाचे आयुष्य ठरवून टाकलेले असते.

जुने ते सोनेच होते असे मात्र नाही. महायुद्धाच्या आणि त्यानंतरच्या कागदटंचाईच्या काळातला कागद बोटांत चुरतो, त्याला कसलीही शिलाई वाचवू शकत नाही, उलट दोराच पान कापतो. खळ हे कसरीचे आवडते खाणे. जुने बाइंडर त्यात मोरचूद घालत ते उगाच नव्हे. कृत्रिम डिंकाला कसर तोंड लावत नाही, एवढे श्रेय त्याला दिले पाहिजे.

किमतीची गोष्ट मोठी आहे आणि ती बाहेरून सुरू होते. दुसऱ्या महायुद्धानंतर विज्ञानसंशोधनाला सरकारी पैसा मिळू लागला, तसा नियतकालिकांचा धंदा उभा राहिला. रॉबर्ट मॅक्सवेलच्या पर्गमॉन या प्रकाशनसंस्थेने त्याची रीत घालून दिली. लेखक फुकट लिहितात, परीक्षक फुकट तपासतात, आणि विद्यापीठांचे ग्रंथालय तेच लेख विकत घेते. एका नियतकालिकाची जागा दुसरे घेऊ शकत नाही, त्यामुळे किंमत कितीही वाढवा, ग्राहक जात नाही. १९९१ साली पर्गमॉन एल्सेव्हिअर या प्रकाशन कंपनीकडे गेले. २०१० साली एल्सेव्हिअरचा नफा उत्पन्नाच्या सुमारे ३६ टक्के होता. २०१२च्या जानेवारीत टिमोथी गावर्स या गणितज्ञाने या कंपनीवर उघड बहिष्कार घातला आणि हजारो संशोधकांनी त्यावर सह्या केल्या. त्याच वर्षी हार्वर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठाने आपल्या प्राध्यापकांना कळवले की काही मोठ्या प्रकाशकांच्या नियतकालिकांवर वर्षाला साडेसदतीस लाख डॉलरच्या आसपास खर्च होतो, एकेकाची किंमत चाळीस हजार डॉलरपर्यंत जाते आणि हे आता झेपणारे नाही.

हार्वर्डला झेपत नाही ते कराडच्या किंवा इस्लामपूरच्या कॉलेजला कुठून झेपणार? आमच्याकडे हा मार दोनदा बसला, रुपयाचे अवमूल्यन झाले तेव्हा, १९६६ आणि १९९१ साली. अनेक ग्रंथालयांतल्या परदेशी नियतकालिकांच्या रांगा अशा वर्षांच्या आसपास एकदम थांबलेल्या दिसतात. बांधीव खंडांच्या पाठी ओळीने वाचत गेले की देशाची तिजोरी केव्हा आटली ते कळते.

नोव्हेंबर २०२४मध्ये केंद्र सरकारने ‘एक राष्ट्र एक वर्गणी’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सहा हजार कोटी रुपये, तीस प्रकाशक, सुमारे तेरा हजार नियतकालिके आणि सहा हजार तीनशेच्या आसपास सरकारी शिक्षण-संशोधन संस्था. १ जानेवारी २०२५पासून ती सुरू झाली. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थ्याला जे आधी दुर्मीळ होते ते आता पडद्यावर दिसेल. हे चांगलेच झाले, त्यात नाक मुरडण्यासारखे काही नाही. दोन गोष्टी मात्र नजरेआड करू नयेत. संस्थेबाहेरचा वाचक, म्हणजे निवृत्त शिक्षक, वकील, गावातला अभ्यासू डॉक्टर, सार्वजनिक वाचनालयाचा सभासद, यात कुठेच नाही. आणि हे भाड्याचे घर आहे. सहा हजार कोटींनी कपाटात एकही अंक येत नाही. वर्गणी पुढे चालू ठेवायची की नाही हे दर वेळी समोरच्याच्या दराने ठरणार.

मराठी नियतकालिकांची गोष्ट उलटी आहे. ‘समाज प्रबोधन पत्रिका’, ‘भाषा आणि जीवन’, भारत इतिहास संशोधक मंडळाचे त्रैमासिक यांना महाग म्हणणारा माणूस प्रामाणिक नाही. हॉटेलातल्या एका जेवणाच्या पैशांत वर्षाची वर्गणी निघू शकते. इथे दुखणे किमतीचे नाही, कमी किमतीचे आहे. संपादक बिनपगारी, वर्गणीदार थोडे, जाहिराती नाहीत, कागद महाग. मग काटकसर होते ती कागदात, समासात आणि बांधणीत. दोन अंकांचा एक जोडअंक निघतो, तो जाड होतो, म्हणून पिनेऐवजी डिंक येतो. मी कुणाला दोष देत नाही. या संपादकांच्या जागी बसून बघितल्याशिवाय तो देऊही नये.

दोष द्यायचा तो मधल्या काळात उगवलेल्या तणाला. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१० साली बढतीसाठी गुणांकन आणले आणि प्राध्यापकांना छापून येण्याची निकड लागली. पैसे घ्या आणि लेख छापा, अशी नियतकालिके भराभर निघाली. चकचकीत कव्हर, आत वाट्टेल ते, आणि डिंक असा की अंक टेबलावर उघडा ठेवला तरी पाठ तुटावी. त्याला आळा घालायला आयोगाची मान्य नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली आणि २०२५च्या फेब्रुवारीत तीही बंद झाली. हे अंक कुणी जपून ठेवत नाही, एवढाच दिलासा.

चांगला अंक वर्गणीदाराच्या घरी येतो तो टपालाने, तो भाग थोडक्यात. २०२४च्या डिसेंबरात टपाल खात्याने नोंदणीकृत बुकपोस्ट बंद केले, २०२५मध्ये रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झाले. साध्या टपालाने येणारा अंक घाटात कुठे हरवला तर तो विचारायचा कुणाकडे? पोस्टमन भला माणूस असतो म्हणून निम्म्या फाइली पूर्ण आहेत.

संग्रह घरात ठेवण्याऐवजी संस्थेत द्यावा, असे मुले सुचवतात. द्यावा हे खरे, पण कुठे, हा प्रश्न हलका नाही. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले तेव्हा तिथल्या नगर वाचन मंदिरातली हजारो पुस्तके भिजली. भिजलेला साधा कागद पान पान सुटा करून वाळवता येतो. आर्ट पेपरवरचा चिकट थर मात्र पाने एकमेकांना चिकटवून टाकतो आणि अंकाची वीट होते. शिवलेली पुस्तके चिखलातून निदान पुस्तक म्हणून वर आली असतील. डिंकाची नुसती पाने झाली असतील.

आमच्यापासून जवळ भिलार आहे. ४ मे २०१७पासून ते पुस्तकांचे गाव झाले. कल्पना वेल्समधल्या हे-ऑन-वाय या गावावरून घेतलेली. तिथे सगळा व्यवहार जुन्या पुस्तकांच्या खरेदी-विक्रीचा, आमच्या भिलारात घराघरांत बसून वाचायचे. स्ट्रॉबेरीच्या दिवसांत तिथे गेलो की बरे वाटते. तिथे दिवाळी अंकांना मान आहे, पण अभ्यासाच्या मासिकांच्या बांधीव फाइली हा संग्राहकांचाच नाद राहिला आहे. एखाद्या कोरड्या, उंच जोत्याच्या खोलीत ‘नवभारत’, ‘विविधज्ञानविस्तार’, ‘इतिहाससंग्रह’ यांच्या फाइली ठेवायची सोय तिथे किंवा वाईत व्हावी, असे मला वाटते. वाईत मराठी विश्वकोशाचे काम झाले, तिथे हे रुजेल. स्कॅनिंग अवश्य करावे, पुष्कळ झालेही आहे. पण स्कॅन करणारा घाईत असला की आतल्या समासातली अक्षरे त्याच्याही हातून सुटतात, आणि मग मूळ खंडच काढावा लागतो.

आमच्याकडचे बांधणीचे काम करणारे वाईतले एक जुने बाइंडर दर वर्षी तीनच गोष्टी मागतात. वर्षाची सूची आणि मुखपृष्ठ वेगळ्या पानावर द्या. आतला समास निदान एक इंच ठेवा. आणि पाठ कापू नका, पातळ अंक काढा पण पिनेचे काढा. यातल्या पहिल्या दोन गोष्टींना फारसे पैसे लागत नाहीत. मराठी संपादकांनी एवढे केले तर निम्मी तक्रार मिटेल. जोडीला वर्षाअखेर पंचवीस-तीस शिवलेले वार्षिक खंड आगाऊ नोंदणीवर काढून पाहावेत. दुप्पट-तिप्पट किंमत ठेवली तरी आम्ही घेऊ.

आणि एक खासगी मागणी. माझ्या ‘नवभारत’च्या फाइलीत १९६३ सालच्या जूनचा अंक नाही. कुणाकडे जादा असेल तर कळवावे. बदल्यात देण्यासारखे माझ्याकडे त्याच वर्षीचे दोन अंक दुबार आहेत, पिनेचे, न कापलेले.